इसापनीतीचे मराठी अवतरण : सभेतून पाठशाळेकडे

प्रस्तावना :
कोल्हा, सिंह, ससा, कासव ही इसापनीतीतील पात्रे मराठी वाचकाला शालेय वयापासून परिचित आहेत. कथेच्या शेवटी येणारे 'तात्पर्य' हा तर या कथांचा अविभाज्य भाग मानला जातो. तथापि प्राचीन ग्रीसमध्ये या कथा मुख्यतः बालकांसाठी नव्हत्या. त्यांचे मूळ प्रयोजन आणि मराठीतील त्यांचे रूपांतर यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रीक पार्श्वभूमी :
हिरोडोटसच्या उल्लेखानुसार इसाप हा सामोस बेटावरील गुलाम होता. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रविषयक ग्रंथात प्राणिकथेचा विचार लोकांसमोरील भाषणाचे एक साधन म्हणून केला असून तेथे दोन उदाहरणे दिली आहेत. हिमेरा नगरीच्या लोकांनी फॅलॅरिसला सर्वाधिकारी सेनापती नेमले व त्याला अंगरक्षक देण्याचा विचार चालविला, तेव्हा स्टेसिकोरस या कवीने त्यांना घोड्याची कथा सांगितली. सांबरावर सूड उगविण्यासाठी घोड्याने मनुष्याचे साहाय्य घेतले, तोंडात लगाम घालून घेतला आणि तो कायमचा गुलाम झाला. दुसरी कथा इसापने सामोस येथे, प्राणदंडाचे संकट ओढवलेल्या एका लोकनेत्याच्या बचावार्थ सांगितली. कपारीत अडकलेल्या कोल्ह्याला गोचिडांनी ग्रासले होते. एका काटेरी प्राण्याने त्या काढून टाकण्याची तयारी दर्शविली असता कोल्हा नकार देतो. कारण या गोचिडांची पोटे भरलेली आहेत, या गेल्या तर नव्या भुकेल्या येतील. दोन्ही कथांना निश्चित प्रसंग आहे, श्रोता प्रौढ नागरिक आहे आणि विषय सत्तेचा आहे.

मराठीतील अवतरण :
मराठीत इसाप अवतरला तो महाराष्ट्राबाहेर. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने सख्खन पंडितांनी केलेले भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने १८०६ मध्ये मुद्रित झाले. त्यानंतर मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या ग्रंथाचे नावच बालकांचा निर्देश करते. दुसरा ग्रंथ नव्या शालेय शिक्षणाच्या गरजेतून निर्माण झाला.

या दोन्ही प्रसंगांची राजकीय पार्श्वभूमी लक्षणीय आहे. १७९९ च्या तहान्वये तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला होता; १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला होता. परक्याचे साहाय्य घेऊन लगाम स्वीकारणाऱ्या घोड्याची कथा ज्या समाजाला सर्वाधिक लागू पडत होती, त्याच समाजात ही कथापरंपरा बालकांच्या सदाचारशिक्षणाचे साधन बनली. यामागे कोणाचा हेतुपुरस्सर प्रयत्न होता असे म्हणता येत नाही. युरोपातही इसाप बराच आधी शाळेत दाखल झाला होता. परंतु परिणाम एकच : प्रसंग गळून पडला व तात्पर्य शिल्लक राहिले. राजपुत्रांना राजनीती शिकविण्यासाठी रचलेले पंचतंत्रही आज बहुधा बालवाङ्मय म्हणूनच वाचले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

समारोप :
बापू छत्रे यांच्यासारख्या आद्य ग्रंथकारांमुळे सुबोध मराठी गद्य घडण्यास साहाय्य झाले, त्यांचे हे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र आज अध्यापन करताना तयार तात्पर्य पाठ करून घेणे पुरेसे नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा व उत्पादक श्रम यांना शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. शिक्षण जीवनव्यवहाराशी जोडलेले असावे हा त्यामागील विचार होता. हाच विचार नीतिकथेलाही लावता येईल. कथा कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी सांगितली हे विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि लगाम कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. तात्पर्य विद्यार्थ्याने स्वतः काढले तरच ते त्याचे शहाणपण ठरेल.