झेड ड्राइव्हवरची लाल फुली

सोमवारी सकाळी अंधेरी पूर्वेच्या एखाद्या कार्यालयात संगणक सुरू होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकते : सर्व नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत. 'झेड' या अक्षरावर लाल फुली असते. हिशेबाच्या फायली, पगारपत्रके, निविदेचा मसुदा, सारे त्या अक्षराच्या पलीकडे. या फुलीमागे जवळपास साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही प्रकरणे जुहू, मरोळ आणि न्हावा-शेवा येथे घडलेली आहेत. #थ्रेड

आधी त्या अक्षराचा अर्थ. संगणकाच्या पोटात 'झेड' नावाची कोणतीही डिस्क नसते. दुसऱ्या यंत्रावरील एका सामायिक फोल्डरकडे जाणारा ठरलेला रस्ता म्हणजे 'झेड'. बोरिवलीहून निघालेल्या डब्याच्या झाकणावर रंगवलेली अक्षरे आत भाजी कोणती आहे हे सांगत नाहीत. डबा कुठे पोहोचवायचा एवढेच सांगतात. तसेच हे. म्हणून फुली दिसताच मनात येणारी 'फायली गेल्या' ही भीती बहुधा खोटी ठरते. फायली आपल्या जागी असतात, रस्ता तुटलेला असतो.

साठवणुकीला एकेका अक्षराने हाक मारण्याची रीत १९६०च्या दशकात आयबीएमच्या सीपी/सीएमएस या प्रणालीतून आली असे मानले जाते. एकाच अवाढव्य संगणकावर अनेक जण काम करत आणि प्रत्येकाला आपापल्या वाट्याच्या डिस्क अक्षरांनी ओळखता येत. पुढे १९७४मध्ये गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम रचली, तिच्यात ही अक्षरे उतरली. १९८०मध्ये टिम पॅटरसन यांनी त्याच धर्तीवर ८६-डॉस लिहिली. ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१च्या आयबीएम पीसीवर ती डॉस म्हणून पोहोचली.

'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपींसाठी राखलेली होती. १९८३च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली, तिला 'सी' मिळाले. आज फ्लॉपी कुणी पाहिलेली नसली तरी विंडोज अजून 'सी'पासूनच सुरू होते.

त्या काळी मुंबईच्या उपनगरांत काय होते? अंधेरी पूर्वेला १९७३मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, उभे राहिले. १९७७च्या सुमारास टाटा आणि अमेरिकेतील बरोज यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि सीप्झमधून सॉफ्टवेअर परदेशी जाऊ लागले. परंतु क्षेत्राच्या कुंपणाबाहेरच्या सामान्य कार्यालयात संगणक ही दुर्मीळ वस्तू होती.

बँकांतील चित्र बोलके आहे. सप्टेंबर १९८३मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कोणती यंत्रे आणायची आणि किती, हा वाटाघाटीचा विषय होता. नोकऱ्या जातील ही धास्ती खरी होती आणि तिला आज हसणे अन्यायाचे ठरेल. १९८४मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांत खतावणी लिहिणारी यंत्रे, एएलपीएम, दिसू लागली. ही यंत्रे एकेकटी होती. एकाची माहिती दुसऱ्याला आपोआप कळण्याची सोय नव्हती. तेव्हाचे 'नेटवर्क' म्हणजे हातात फ्लॉपी घेऊन जिना चढणारा माणूस.

यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावण्याचा देशातील आरंभीचा प्रयोग मात्र याच उपनगरांत झाला. जुहूच्या गुलमोहर रस्त्यालगत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, एनसीएसटी, होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छायेत वाढलेल्या या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी होते. १९८६-८७मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनी तारेवरून, डायल करून, ई-मेलची देवाणघेवाण झाली. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती सुरुवात. जुहू ते पवई हे अंतर असे कितीसे! पण व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे तब्बल आठ-नऊ वर्षांनी.

संस्थांमधील पत्रव्यवहार ही एक गोष्ट झाली. एकाच मजल्यावरच्या दहा संगणकांनी एकच फाइल उघडावी, ही दुसरी. तिथे युटामधील नोव्हेल कंपनीच्या नेटवेअरने बाजी मारली. डॉस आपल्यासाठी 'ए' ते 'ई' ही अक्षरे राखून ठेवत असे, म्हणून नेटवेअरने आपला पहिला ड्राइव्ह 'एफ'पासून सुरू केला. नव्वदच्या दशकात नेटवेअरवर काम केलेल्या माणसाला 'आधी एफवर जा' हे वाक्य अजून आठवते.

दुसरी धारा आयबीएमची. १९८३मध्ये तेथील बॅरी फायगेनबॉम यांनी दूरच्या फायली जवळच्या भासवणारी भाषा तयार केली. आरंभी तिला त्यांच्याच आद्याक्षरांचे नाव होते, बीएएफ. पुढे ती एसएमबी झाली. डॉस ३.१मध्ये नेटवर्कवरील फायलींसाठी आधार आला. 'नेट यूज' ही आज्ञाही त्याच काळातली. आजच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत तीच आज्ञा दिली तर कोणते अक्षर कुठे जोडले आहे आणि ते जिवंत आहे का, हे दोन ओळींत कळते. लाल फुलीची चौकशी इथूनच सुरू करावी.

बिघाडांच्या मुळाशी गेले की त्या काळातले एकेक करार हाती लागतात. नेटबायॉसमध्ये यंत्राच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा होती आणि नाव शोधण्याची रीत म्हणजे भर चौकात हाळी देणे : 'अमुक नावाचे कोण आहे?' ही हाळी राउटर ओलांडत नाही. त्यामुळे कार्यालयाने वरचा मजला भाड्याने घेतला आणि तिथे वेगळे जाळे टाकले की खालच्या सर्व्हरचे नाव वर ऐकूच येत नाही. 'नेटवर्क मार्ग सापडला नाही' असे म्हणणारी त्रुटी ५३ बहुतेक वेळा हीच. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता लिहून पाहावा. फोल्डर उघडले तर दोष तारेत नसून नावात आहे.

दुसरा करार ओळखीचा. एका संगणकावरून एकाच सर्व्हरकडे एका वेळी दोन वेगळ्या वापरकर्त्यांच्या नावाने जाता येत नाही. त्रुटी १२१९ तेच सांगते. सर्व्हरवरचा पासवर्ड बदलला, पण विंडोजच्या तिजोरीत जुनाच राहिला, तरी फुली. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढून टाकला की निम्मे प्रश्न मिटतात. विस्टापासून आणखी एक गुंता आला. 'प्रशासक म्हणून चालवा' म्हटलेल्या प्रोग्रामला त्याच माणसाचा 'झेड' दिसत नाही, कारण विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी सत्रे असतात.

तिसरा वेळेचा. एक्सपीपासून विंडोज लॉगिन लवकर व्हावे म्हणून जाळे तयार होण्याची वाट पाहत थांबत नाही. वायफाय जोडले जाण्यापूर्वीच 'झेड'चा शोध होतो आणि फसतो. शिवाय १५ मिनिटे वापर नसेल तर सर्व्हर स्वतःच जोडणी मिटतो. त्या फुलीवर दोनदा क्लिक केले की ती निघून जाते. तिच्यासाठी तंत्रज्ञाला कांदिवलीहून बोलावणे हा सरळ अपव्यय.

२०१७ साली मात्र हा प्रश्न सोयीचा राहिला नाही. एसएमबीची पहिली आवृत्ती तेव्हाही असंख्य यंत्रांत जिवंत होती. विस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली होती, पण एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना फक्त पहिलीच समजत असे. मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६मध्येच ती बंद करा असे जाहीरपणे लिहिले होते. मार्च २०१७मध्ये दुरुस्ती निघाली. एप्रिलमध्ये त्या त्रुटीवर घाव घालणारे चोरीचे हत्यार, इटर्नलब्लू, उघड्यावर आले. १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला.

२७ जून रोजी नॉटपेट्या आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो निघाला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि खाडीपलीकडे न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरात, मर्स्क समूहाच्या गेटवे टर्मिनल्समधील संगणकांपर्यंत पोहोचला. टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनर हलवण्यासाठी हातानेच व्यवहार करण्याचा प्रयत्न करावा लागला. दुरुस्ती बसवलेली यंत्रेही यातून सुटत नव्हती, कारण नॉटपेट्या एका यंत्रातून पासवर्ड चोरून सामायिक मार्गांनीच पुढच्या यंत्रात जाई. शेजारच्या टेबलावरची फाइल उघडता यावी म्हणून बांधलेला रस्ता त्याने वापरला.

त्यानंतर ऑक्टोबर २०१७च्या विंडोज १० आवृत्तीपासून, नव्याने बसवताना, पहिली एसएमबी गाळलेली असते. मुलुंड-घाटकोपरच्या छोट्या कार्यालयांत याचा अनुभव कसा येत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही : नवा संगणक आणला, आणि कोपऱ्यातल्या जुन्या साठवणपेटीवरचा ड्राइव्ह जोडेना. अशा पेट्यांत बहुधा सांबा असते, म्हणजे कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास सुरू केलेली एसएमबीची मुक्त आवृत्ती. पण पेटीतली सांबा बनवणाऱ्याने बसवली त्या वर्षाचीच राहते. शेजारची यंत्रे दाखवणारी 'नेटवर्क'ची यादीही रिकामी होते, कारण ती यादी भरणारी जुनी सेवा पहिल्या एसएमबीवर विसंबून होती.

यावर सर्वांत झटपट उपाय म्हणजे पहिली एसएमबी पुन्हा सुरू करणे. दोन मिनिटांचे काम, आणि फुली लगेच जाते. न्हावा-शेवा पाहिल्यानंतर हा उपाय सुचवणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणणे कठीण आहे. पेटीचे फर्मवेअर अद्ययावत करावे, तिच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती २ किंवा ३ करावी. ते जमत नसेल तर फायली उतरवून पेटी निवृत्त करावी.

२०२४च्या विंडोज ११मध्ये, २४एच२ आवृत्तीत, आणखी दोन दारे बंद झाली. प्रत्येक एसएमबी संभाषणावर सही असणे आता आधीपासूनच सक्तीचे आहे आणि प्रो आवृत्तीतही पासवर्डाविना 'पाहुणा' म्हणून आत जाता येत नाही. वर्षानुवर्षे पासवर्ड नसलेल्या सामायिक फोल्डरवर काम करणाऱ्या कार्यालयांत त्यामुळे लाल फुल्या पुन्हा उमटल्या. तिथे पेटीवर प्रत्येकाचे खाते उघडावे लागते, आणि मग 'झेड' पुन्हा जोडताना विंडोज पहिल्यांदाच विचारते : तुम्ही कोण?