सुरकुत्या, सिंहासन आणि ‘प्राचीन’ फेस योग

१/ गाल फुगवा, जीभ बाहेर काढा, कपाळ ताणा, सुरकुत्या जातील. हा ‘फेस योग’ हजारो वर्षांचा आहे, असे सर्रास सांगितले जाते. ग्रंथांची साक्ष मात्र वेगळी आहे. 🧵

२/ १२९० ची ज्ञानेश्वरी. सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृत झालेल्या योग्याचे वर्णन येते: जुनी त्वचा गळते, हिऱ्यांच्या ओळीसारखे नवे दात येतात, म्हातारपण माघारी फिरते. पण यातले काहीही चेहऱ्याच्या व्यायामाने घडत नाही.

३/ पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिका’ सुरकुत्यांचे नावच घेते, तेही विपरीतकरणी मुद्रेत. टाळूतला चंद्र अमृत स्रवतो, नाभीतला सूर्य ते गिळतो, म्हणून देह जीर्ण होतो, ही त्यामागची कल्पना. देह उलटा केला की सूर्य वर, चंद्र खाली. सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पिकले केस दिसेनासे होतील, असे आश्वासन.

४/ मग सिंहासन? तेही याच ग्रंथात आहे: तोंड उघडे, दृष्टी नासाग्रावर. त्याचे फळ मात्र तीन बंधांची सिद्धी. सुरकुत्यांचा तेथे उल्लेख नाही.

५/ भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीहून स्वामी मुक्तानंदांनी १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत नेली तीही कुंडलिनीचीच परंपरा, सौंदर्यसाधना नव्हे.

६/ चेहऱ्याच्या कसरतीचे धागे अन्यत्र सापडतात. सॅन फ्रान्सिस्कोचे सॅनफर्ड बेनेट यांनी १९१२ मध्ये वार्धक्य रोखण्यावर पुस्तक लिहिले. त्यात चेहरा व मानेचे व्यायाम होते. पुढे ‘योग’ हे नाव अशा कसरतींना चिकटले.

७/ परिणाम होतो का? २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांपैकी १६ जणींनी २० आठवडे पूर्ण केले. परीक्षकांना छायाचित्रांत वाटणारे सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आले. गाल अधिक भरीव दिसले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

८/ १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. योगाचा अभिमान आणि पुराव्याचा आग्रह एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले. व्यायाम जरूर करावा. त्यासाठी त्याला खोटे प्राचीनत्व देण्याची गरज नाही.