वकिलाविरुद्ध दाद कोठे मागायची?

वकील तारखेला येत नाही, फीची पावती देत नाही, कागद परत मागितले तर अडवून धरतो. अत्याचाराच्या खटल्यांत फिरणारी आपली माणसे आम्हाला वस्त्यांमध्ये विचारतात, तक्रार करायची कोणाकडे?

ग्राहक आयोगाचा मार्ग बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. मात्र अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची लेखी तक्रार करता येते. तिची शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निकाल मान्य नसल्यास ६० दिवसांत तिथेच अपील करता येते. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे.

पण समितीचे तिन्ही सदस्य वकीलच असतात. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणात वकील नसलेला सदस्यही बसतो. इथेही तसाच सदस्य हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा आणि प्रत्येक तारखेची नोंद जपून ठेवा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, हेही वस्तीत सांगा.