होस्टा: बेटावरून निघालेलं झाड आणि माझी रिकामी कुंडी

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार.

सुरुवात माझ्या फजितीपासून. पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत ऊन जेमतेम येतं. 'सावलीत वाढणारं झाड' असं सर्च केलं की होस्टा समोर येतोच. मोठी, हृदयाच्या आकाराची पानं, कधी निळसर, कधी पिवळ्या काठाची. ऑनलाइन मुळं मागवली. पहिल्या वर्षी झकास. दुसऱ्या वर्षी पानं लहान. तिसऱ्या वर्षी कुंडीत नुसती माती! सावली दिली, पाणी दिलं, मग चुकलं कुठे? शोधत शोधत पोचलो थेट जुन्या जपानमध्ये.

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीन या पट्ट्यातला. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांखाली वाढणारा. जपानीत त्याला 'गिबोशी' म्हणतात. जुन्या पुलांच्या कठड्यांवर कांद्यासारखे कळस असतात, त्यांचंही नाव गिबोशी. होस्टाची कळी तशीच दिसते. त्याचे कोवळे कोंब तिथे 'उरुई' या नावाने खातात. आपल्याकडच्या रानभाजीसारखंच.

त्या काळात जपानने दारं बंद केली होती. युरोपातून फक्त डचांना परवानगी, तीही नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटावर. 1690 मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून एंगेलबर्ट केंफर हा जर्मन माणूस तिथे आला. होस्टाचं चित्र काढणारा आणि वर्णन लिहिणारा तो पहिला युरोपीय. त्याचं पुस्तक आलं 1712 मध्ये.

मग 1823 मध्ये आला फिलिप फॉन सीबोल्ड. हाही डॉक्टर, हाही झाडवेडा. 1828 मध्ये त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले, आणि नकाशे देशाबाहेर नेणं हा मोठा गुन्हा होता. पुढच्या वर्षी त्याला हद्दपार केलं. नकाशे देणारा सरकारी खगोलशास्त्रज्ञ ताकाहाशी कागेयासु मात्र तुरुंगातच मेला. सीबोल्डने नेदरलँड्समध्ये लायडनला जपानी झाडांची नर्सरी थाटली. होस्टाच्या एका जातीला आज त्याचंच नाव आहे: सिबोल्डियाना.

आणि 'होस्टा' हे नाव? तेही जपानी नाही. 1812 मध्ये ते ठेवलं गेलं निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन डॉक्टरच्या सन्मानार्थ. म्हणजे पिढ्यान् पिढ्या झाड ओळखणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. मला हे खटकतं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. 1936 मध्ये फ्रान्सिस विल्यम्स यांना कनेटिकटच्या एका नर्सरीत पिवळ्या काठाचा सिबोल्डियाना दिसला. असा काठ बियांतून हमखास उतरत नाही. त्यामुळे गड्डा फोडून, म्हणजे मुळांसकट तुकडे करूनच झाड वाढवायचं. आज त्यांच्या नावाने विकलं जाणारं प्रत्येक रोप म्हणजे त्याच झाडाचा क्लोन. आपल्या भाषेत कॉपी-पेस्ट.

पण कॉपी-पेस्टमध्ये बगही कॉपी होतो! 1996 मध्ये होस्टाचा एक विषाणू ओळखला गेला: होस्टा व्हायरस एक्स. सुरी एका झाडाला लावून तशीच दुसऱ्याला लावली, की रसातून तो पसरतो. गंमत म्हणजे त्याने पडलेले डाग लोकांना आवडले आणि काही आजारी झाडं चक्क नवीन व्हरायटी म्हणून विकली गेली. उपाय नाही. झाड मुळासकट काढून टाकायचं.

आता माझ्या कुंडीकडे येऊ. होस्टा हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. त्याला काही आठवडे 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते, तरच वसंतात दमदार कोंब फुटतात. पुण्याच्या थंडीत त्याची झोपच होत नाही. मी त्याची सावली आणली, पण त्याचा हिवाळा आणला नाही.

न्यू जर्सी किंवा टोरोंटोत कोणी ऐकत असेल, तर तुमची मजा आहे. सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, ओलसर पण पाणी न साचणारी माती, गोगलगायींवर लक्ष, आणि गड्डा फोडताना प्रत्येक झाडानंतर सुरी साफ. बस्स!

मी मात्र त्या कुंडीत अळू लावलाय. मोठी पानं आहेत, सावली चालते, आणि फदफदंही होतं. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!