नुकसान वीस पौंडांचं, भरपाई तीनशेची



दुसऱ्याची गुरं आपल्या ज्वारीत शिरली तर आपण काय मागतो? जेवढं पीक खाल्लं, तुडवलं, तेवढ्याचे पैसे. ती भरपाई. आणि गुरं कोंडवाड्यात घातली, तर मालक ती सोडवायला जे भरतो तो दंड. दंड ग्रामपंचायतीत जमा होतो, आपल्याला मिळत नाही. आपल्या गटातही हप्ता चुकवला की दंड लागतो आणि तो गटाच्या खात्यात जातो, कुणा एकीच्या पदरात पडत नाही. भरपाई वेगळी, दंड वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण कोर्टात एक तिसरा प्रकार आहे. असतो दंड, पण मिळतो ज्याचं नुकसान झालं त्यालाच. त्याला म्हणतात दंडात्मक नुकसानभरपाई. अडीचशे वर्षांपासून त्यावर भांडण चालू आहे, आणि आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातही दोन तट पडले.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, 1763 साली. तिथल्या एका साप्ताहिकाच्या 45व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका आली. सरकार चिडलं. वॉरंट काढलं, पण त्यात नावच नाही! ज्याने लिहिलं, ज्याने छापलं त्याला पकडा, एवढंच. म्हणजे शिपायाला ज्याचा संशय येईल त्याच्या घरात शिरायची मोकळीक. असे 49 जण धरले. त्यात छापखान्यातला एक साधा कामगार होता. आठवड्याची मजुरी एक गिनी. त्याला सहा तास अडकवून ठेवलं. मारलं नाही, उलट खायला मांस आणि प्यायला बिअर दिली. मग सोडून दिलं.

त्या कामगाराने दावा लावला. तिथे निकाल देणारे पंच म्हणजे शपथ घेऊन बसलेले सामान्य नागरिक, त्यांना ज्यूरी म्हणतात. पंचांनी त्याला 300 पौंड दिले. हिशोब केला तर साडेपाच वर्षांची मजुरी! सरकारी वकील म्हणाले, सहा तासांचे एवढे? न्यायाधीश प्रॅट यांनीही मान्य केलं की नुसता त्रास मोजला तर 20 पौंड पुष्कळ झाले असते. तरी त्यांनी आकडा कमी केला नाही. बिननावाच्या कागदावर कुणाच्याही घरात शिरायचं, हा अन्याय एका कामगारापुरता नव्हता. पंचांनी दंड केला तो त्या रीतीला. त्या साप्ताहिकाचे कर्ते जॉन विल्क्स यांनाही त्याच वर्षी 1,000 पौंड मिळाले.

आम्हाला यातलं आवडलं ते असं, की गरीब माणसाचं नुकसान मोजायला गेलं तर ते नेहमी थोडंच निघतं. मजुरीच कमी, तर बुडालेली मजुरी किती असणार? नुसती भरपाई द्यायची म्हटली, तर गरिबावर अन्याय करणं स्वस्तच पडतं.

मग दोनशे वर्षांनी, 1964 मध्ये, इंग्लंडच्याच सर्वोच्च न्यायपीठाने लगाम ओढला. लॉर्ड डेव्हलिन म्हणाले, शिक्षा करणं फौजदारी कोर्टाचं काम, दिवाणी कोर्टाने नुकसान भरून द्यावं. कायद्यातच तसं लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर दोनच जागा राखल्या. सरकारी माणसाने सत्तेचा जुलूम केला तर. आणि भरपाई देऊनही आपल्याला फायदाच उरेल, असा हिशोब करून कुणी चूक केली तर. ही दुसरी जागा नीट लक्षात ठेवा.

अमेरिकेत मात्र मोठमोठे आकडे येत राहिले. त्यातली कॉफीची गोष्ट जगभर चेष्टेने सांगितली जाते: बाईने गाडी चालवताना कॉफी सांडली आणि लाखो डॉलर उकळले. खरी हकिगत वेगळी आहे. 1992 साल. 79 वर्षांच्या एक आजी, गाडी नातू चालवत होता, आणि गाडी उभी होती. साखर घालायला झाकण काढताना मॅकडोनाल्डची कॉफी त्यांच्या मांड्यांवर सांडली. ती होती 82 ते 88 अंश तापमानाची. कातडी खोलवर भाजली, आठ दिवस दवाखाना, कातडी बसवावी लागली. आजींनी 20,000 डॉलर मागितले, कंपनीने 800 देऊ केले. कोर्टात निघालं की दहा वर्षांत अशा भाजल्याच्या सुमारे 700 तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या, तरी कॉफी तेवढीच गरम.

पंचांनी पाचवा हिस्सा चूक आजींचीही धरली, म्हणून 2 लाखांची भरपाई 1 लाख 60 हजारांवर आणली. वर 27 लाख डॉलर दंड ठोठावला. ती कंपनीची सुमारे दोन दिवसांची कॉफीची विक्री! न्यायाधीशांनी तो 4 लाख 80 हजारांवर आणला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं.

इथे आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, दंड हवाच, पण तो एकाच बाईला का? त्या 700 जणांचं काय? हा प्रश्न खोटा नाही. दुसरी म्हणाली, त्या आजींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या तर 701वी तक्रारही फायलीत गेली असती. आमचा कल या दुसरीकडे आहे, पण पहिलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलं की दंड साधारणपणे भरपाईच्या नऊ पटींपुढे जाऊ नये.

आपल्या देशात काय? दिल्लीत कारखान्यातून वायू गळला, त्या खटल्यात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धोक्याचा धंदा करणारी कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई मोठी, म्हणजे वचक बसेल. पण भोपाळच्या खटल्यात 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि हे तत्त्व तिथे लागूच झालं नाही.

लखनौच्या घरांचा निकाल आम्हाला जास्त जवळचा वाटला. सरकारी संस्थेने वेळेत घर दिलं नाही, म्हणून एकाने तक्रार केली. मनस्तापाचे 10,000 रुपये मिळाले. संस्थेने भरले तर ते कुणाचे? तुमचे-आमचेच, कराचे! 1993 मध्ये न्यायालयाने सांगितलं, ज्या अधिकाऱ्यांमुळे हे झालं त्यांना शोधा आणि पैसे त्यांच्या पगारातून कापा. कार्यालयात चार खेपा घातलेल्या कुणालाही यातलं मोल सांगावं लागणार नाही.

ग्राहक कायद्यातही दंडात्मक भरपाईची सोय 2002 मध्ये आली आणि 2019च्या नव्या कायद्यातही ती आहे. पण एक खाच आहे. एका मोटार कंपनीने जाहिरातीत सांगितली तशी गाडी नव्हती, म्हणून राष्ट्रीय आयोगाने 25 लाखांचा दंड केला. त्यातले 5 लाख तक्रारदाराला आणि 20 लाख ग्राहक कल्याण निधीला, म्हणजे आमच्या पहिल्या मैत्रिणीच्या प्रश्नाला चांगलं उत्तर होतं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कारण? तक्रारीत दंडाची मागणीच नव्हती, इतर ग्राहकांच्या नुकसानीचा उल्लेख नव्हता, कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती.

तेव्हा बियाणं उगवलं नाही, यंत्र बिघडकं निघालं, तर तक्रार लिहिताना नुसते बियाण्याचे पैसे मागून थांबू नका. शेतकरीही बियाण्यासाठी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे 2012 मध्येच ठरलं आहे. गावात अजून कुणाकुणाचं तसंच झालं ते पावत्यांसकट लिहा, कंपनीला आधी कळवलं होतं का ते लिहा, आणि दंडात्मक भरपाई हवी हे शब्द स्पष्ट लिहा. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पिशवीवरचं लेबल फाडून टाकू नका.