कुऱ्हाड ज्यांच्या हातात होती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सागाचे झाड पाडायचे असले की जाणता तोडणारा आधी झाडाभोवती एक फेरी मारतो. खोड कुठल्या अंगाला झुकले आहे, फांद्यांचा भार कुणीकडे आहे, वारा कुठून येतो, पडताना शेजारच्या झाडात अडकेल का, आणि वेळ आलीच तर आपण कुठल्या वाटेने पळायचे, एवढे सगळे त्या एका फेरीत पाहून होते. मग ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला खाली खाच घ्यायची. करवत चालवायची ती उलट बाजूने, खाचेच्या थोडी वर. मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची. ती बिजागरीसारखी वळते आणि झाड ठरल्या जागी आडवे होते. पट्टीच कापून टाकली तर झाड कुठे वळेल याचा भरवसा नाही.

याहूनही बारीक काम खुंटाचे. साग तोडल्यावर त्याच्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. खुंट जमिनीलगत ठेवला तर धुमारे खालून येतात आणि जोमाने वाढतात. उंच ठेवला तर ते वरच लटकतात, वाऱ्याने मोडतात. खुंटाचा माथा जरा उतरता हवा, म्हणजे पावसाचे पाणी साचून तो कुजत नाही. साल फाटता कामा नये. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचे जंगल कसे उभे राहणार, हे अशा रीतीने शेवटच्या चार-सहा घावांवर ठरते. वनखात्याच्या आराखड्यांत हे नियम लिहिलेले असतात. पण ते पाळणारा हात वारल्याचा, कोकण्याचा, कातकऱ्याचा, ठाकराचा होता आणि त्या हाताची नोंद कागदावर फारशी सापडत नाही. झाडांची मोजणी मात्र अगदी चोख आहे!

हिंदुस्थानात वनखाते १८६४ मध्ये स्थापन झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून मोठी खळबळ उडाली. कारण इथल्या भातशेतीला राब लागतो. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांवर चढून फांद्या छाटायच्या, त्या वाळवून रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि जाळायच्या. कोकणातला शेतकरी हा त्या अर्थाने झाडावर चढणारा कारागीरच. शेंडा राखून बाजूच्या फांद्या उतरवायच्या, उभे राहायचे ती फांदी सोडून दुसरी तोडायची, हे ज्याला येत नाही तो एक तर झाड मारतो नाही तर स्वतः मरतो. वनअधिकाऱ्यांना मात्र छाटलेले झाड म्हणजे नासाडी वाटे. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकऱ्याची छाटणी हा मुंबई इलाख्याच्या राजकारणाचा विषय झाला, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात यायला हरकत नव्हती.

राबाच्या वादात शेतकऱ्यांची बाजू मांडायला वकील आणि वर्तमानपत्रे होती. कुपात तोड करणाऱ्या मजुराला कोणीच नव्हते. कूप म्हणजे जंगलाचा आखून दिलेला तुकडा. सरकार तो लिलावात काढी, ठेकेदार घेई आणि तोड पाड्यावरचा माणूस करी. मोजणी ठेकेदाराची, वही ठेकेदाराची, आणि पावसाळ्यात घेतलेल्या खावटीचे व्याजही त्या वहीतच. लग्नासाठी कर्ज काढून आयुष्यभर राबणारा ‘लग्नगडी’ याच भागातला. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात आदिवासींची वेठ आणि जंगल ठेकेदारांकडून होणारी त्यांची पिळवणूक सरकारपुढे मांडली. अहवाल सरकारी असूनही स्पष्ट आहे.

१९४५ मध्ये उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत किसान सभेची चळवळ उभी राहिली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळावी म्हणून संप झाला. या संपाचे बळ कशात होते ते पाहा. तोडीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाच्या आत ओंडके जंगलाबाहेर यावे लागतात. बैलगाडीची वाट चिखलात बंद झाली की लाकूड तिथेच पडून राहणार. तेव्हा ऐन हंगामात कुऱ्हाडी खाली ठेवल्या की व्यापाऱ्याचे वर्ष बुडते. हे मजुरांना कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती. नोव्हेंबरमध्ये लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेने सव्वा रुपयाचा दर मान्य केला.

बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्यास सुरुवात केली. लिलाव नाही, मधला ठेकेदार नाही, तोडणारेच सभासद. कल्पना उत्तम होती आणि तिने पुष्कळांच्या घरात रोख पैसा नेला. पण हिशेब लिहिता येणारा माणूस बहुधा बाहेरचाच असे. ज्याला खोडाकडे पाहून त्यात किती लाकूड निघेल हे सांगता येई, त्याला ते वहीत वाचता येत नसे. माझ्या मते या संस्थांचा खरा दुबळेपणा इथेच होता.

या गोष्टीचा पुढचा टप्पा ठाण्यात नाही, गडचिरोलीत आहे. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, त्यामुळे रानातला बांबू सरकारचा आणि गावकरी तोडीचे मजूर. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला, आणि परवान्याशिवाय हक्काला बाजारात किंमत नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

बांबू तोडण्याचेही शास्त्र आहे. बेटातले यंदाचे कोवळे कोंब तोडायचे नाहीत, त्यांना आधार म्हणून काही जुने बांबूही राखायचे, आणि घाव घालायचा तो जमिनीलगतच्या पेराच्या वर. नगावर मजुरी असली की बेटाच्या बाहेरच्या बाजूचे, हाताला लागतील ते बांबू तोडले जातात. आत शिरून जुना बांबू काढायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे द्यायचे की नाहीत, हे मेंढा-लेखात आता ग्रामसभा ठरवते.