स्कीच्या फळीवरील नाममुद्रा

आल्प्समधील कोणत्याही हिवाळी गावात, भाड्याने स्की देणाऱ्या दुकानाच्या भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या रंगीबेरंगी फळ्यांपुढे उभा राहून नवखा प्रवासी फिशर, अ‍ॅटॉमिक, रॉसिन्योल, हेड, एलान ही नावे ज्या श्रद्धेने वाचतो आणि त्यांतले श्रेष्ठ कोणते याची दुकानदाराशी ज्या गांभीर्याने मसलत करतो, ती श्रद्धा आणि ते गांभीर्य या दोहोंचे वय फारसे नाही. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल येथे जन्मलेल्या सोंद्रे नोर्हैमच्या (१८२५–१८९७) काळी स्की ही बाजारात जाऊन घेण्याची वस्तूच नव्हती; ज्याने त्याने, अथवा गावच्या सुताराने, जवळच्या रानातल्या लाकडातून ती तासावी अशी वहिवाट होती. नोर्हैमने फळी कमरेशी किंचित निमुळती केली आणि टाचेभोवती चिवट डहाळ्यांचे वेढे देऊन पाय तिला जखडला. उतारावरून वेगाने येत असता वळणे व थांबणे या दोन सुधारणांनी साध्य झाले. पुढे अमेरिकेतून हिकरीचे कणखर लाकूड येऊ लागले, तेव्हा तुलना सुरू झाली ती लाकडालाकडांची. जाणता गिऱ्हाईक दोन फळ्या तळाशी तळ लावून धरी, मधल्या फटीत नजर घाली, मुठीने दाबून कमान किती जोर मागते ते पाही, आणि दोन्ही फळ्यांचे धागे एकाच दिशेने धावतात की नाही, हे बोटाने तपासून मगच पैसे मोजी.

ज्यांची नावे आज जगभर मिरवतात त्या कारखानदारांचे पूर्वज पाहिले, तर ते बहुधा सुतार आणि गाडेकरी निघतात. १९०७ साली फ्रान्समधील व्हॉयराँ गावी स्की करू लागलेला आबेल रॉसिन्योल लाकूडकाम करणारा. ऑस्ट्रियातील रीडचा योझेफ फिशर १९२४ मध्ये हातगाड्या व घसरगाड्या बनवी. सालोमों घराण्याने १९४७ साली आनेसीत दुकान थाटले ते करवतीची पाती आणि स्कीच्या पोलादी कडा करण्यासाठी.

या सुतारांना कीर्ती मिळाली ती शर्यतींमुळे, आणि शर्यतींच्या इतिहासात आपल्या मुलखाशी एक अनपेक्षित धागा जुळतो. १८८० च्या जुलैत मैवंद येथे मुंबई लष्कराच्या पलटणींची जी दाणादाण उडाली, तिच्या परिणामी वेढल्या गेलेल्या कंदाहारच्या सुटकेसाठी काबूलहून कूच करणारा सेनापती रॉबर्ट्‌स पुढे ‘कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्‌स’ झाला. त्याच्या नावाचा चषक १९११ साली स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे उताराच्या शर्यतीला लावण्यात आला. मद्रासेत जन्मलेल्या आर्नोल्ड लनने १९२२ मध्ये म्यूरन येथे आधुनिक स्लालमची, म्हणजे रोवलेल्या खुणांमधून वळणे घेत उतरण्याची, शर्यत भरवली आणि दोन वर्षांनी तेथेच कंदाहार स्की क्लब स्थापिला. अफगाणिस्तानातल्या एका नगराचे नाव अशा रीतीने बर्फाळ उतारावर जाऊन बसले! वळणांतली चपळाई आता घड्याळाने मोजली जाऊ लागली. आणि घड्याळ आले की कुणाची फळी बरी, हा प्रश्न मागोमाग येतोच.

त्याला खरे उत्तर देणारे दोघे मात्र सुतार नव्हते. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२६ साली पोलादी कडांचे पेटंट घेतले, आणि त्यामुळे कठीण बर्फावर फळी घसरण्याऐवजी चावू लागली. दुसरा हॉवर्ड हेड, बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला अभियंता. १९४७ मध्ये लाकडी स्कीवर फजीत झाल्यावर त्याने विमानाची विद्या फळीला लावली: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये हलका गाभा दडवला. पहिल्या जोड्या वाकवून पाहणाऱ्यांच्या हातांतच मोडल्या. पण पुन:पुन्हा घाट बदलत, १९५० च्या सुमारास जी फळी त्याने विक्रीस काढली तिच्यावर वळणे इतके सुलभ झाले की जुने खेळाडू तिला ‘लबाड’ म्हणू लागले. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जाँ व्ह्युआर्नेने उताराच्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले ते रॉसिन्योलच्या धातूच्या स्कीवर. माझ्या मते छाप पाहून फळी घ्यावी, ही गोष्ट खऱ्या अर्थाने शहाणपणाची होती ती या दोन दशकांतच. कारण तेव्हा एका कारखान्याची फळी आणि दुसऱ्याची फळी या जवळजवळ दोन निराळ्या वस्तू होत्या.

नावाला असे मोल येताच त्याच्यावर बंदीचे हुकूमही सुटले. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांना हौशी खेळाच्या पावित्र्याची अशी काही ओढ, की १९६८ च्या ग्रनोबलच्या सामन्यांपूर्वी स्कीवरील नाममुद्रा पुसून टाकाव्यात असा त्यांनी आग्रह धरला; खेळाडूंचे संघ तर कारखानदारांच्याच पैशांवर पोसलेले. तडजोड निघाली ती अशी: शर्यत संपताच, छायाचित्रे काढण्याआधी, खेळाडूच्या स्की काढून घ्याव्यात. चार वर्षांनी साप्पोरो येथे, उद्‌घाटनास अवघे तीन दिवस उरले असता, ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्त्सला व्यावसायिकपणाच्या आरोपावरून बाद ठरवण्यात आले. तो परतला तेव्हा व्हिएन्नाचे रस्ते स्वागताला गर्दीने भरून गेले. सामान्य ऑस्ट्रियनाच्या मनात फळीवरचा शिक्का किती खोल रुजला होता, हे कदाचित ब्रंडेजसाहेबांना त्या दिवशी उमगले असावे.

पुढला मोठा पालट स्लोव्हेनियातून आला. बेगुन्ये येथील एलान कारखान्याने १९९३ च्या सुमारास नोर्हैमच्या निमुळत्या कमरेची कल्पना टोकाला नेली: टोक व शेपूट रुंद, कंबर बारीक. फळी नुसती कडेवर कलती केली की आपोआप वळू लागली, आणि हात वर करून मनगटापर्यंत पोहोचेल एवढी फळी घ्यावी हा जुना दंडक काही वर्षांतच कालबाह्य झाला. आता हनुवटी ते कपाळ एवढी उंची पुरते. ही कल्पना सर्वांनीच उचलल्यामुळे छापाछापांतील अंतर आटले. त्यातच मालकीही एकवटली. अ‍ॅटॉमिक आणि सालोमों एकाच धन्याच्या, तशाच ब्लिझार्ड आणि नॉर्डिका एकाच घरच्या. आज एकाच कारखान्याच्या नवशिक्याच्या व शर्यतीच्या स्कींत जितका भेद असतो, तितका दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांच्या समतोल नमुन्यांत क्वचितच आढळेल.

म्हणूनच अनुभवी दुकानदार गिऱ्हाइकाला आवडीचा मार्का विचारत नाही. वजन किती, उंची किती, आजवर कोणत्या उतारावर उतरलात आणि बुटाच्या तळव्याची लांबी किती मिलिमीटर, एवढे टिपून तो बूट फळीला जखडणाऱ्या बंधनावरचा आकडा पेचकसाने फिरवतो; पडल्यावर पाय वेळीच सुटावा, हे त्या आकड्यावर अवलंबून. १९२७ मध्येच स्की क्लब स्थापन झालेल्या गुलमर्गला मुंबई-पुण्याहून जाणारा हौशी प्रवासी भाड्याची जोडी हाती घेताना तिच्यावरचे नाव वाचतो. त्याने आधी कडेवरून नख फिरवून तिला धार आहे की गंज चढला आहे, तेवढे पाहावे.